एका सॅलडचा मसुदा

न्यायालयाच्या आवाराबाहेर टेबल मांडून बसणाऱ्या मनुष्यास लेखक म्हणावे की नाही, याविषयी आमच्या कोलकात्याच्या मराठी मंडळींत एकमत नाही. कोणी मला टायपिस्ट म्हणतात, कोणी कारकून. पूजेच्या सुट्टीत सगळे एकत्र जेवायला जमलो, की एक प्राध्यापक महाशय दरवर्षी मला विचारतात, "काय, टायपिंग काय म्हणतंय?" मी त्यांना नम्रपणे सांगतो, की टायपिंग हे बोटांचे काम असून माझे काम त्याच्या अगोदरच संपलेले असते. मी अर्जनवीस आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले, परंतु एम.ए. झालेल्या वकिलांनी माझ्या मसुद्यावर एक स्वल्पविरामही न हलवता सह्या केलेल्या आहेत, आणि हे मी नोंद म्हणून सांगतो, बढाई म्हणून नव्हे.

ज्यांचा या व्यवसायाशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. ज्याला सरकारकडे, संस्थेकडे अथवा एखाद्या साहेबाकडे काही मागायचे असते, पण ते कसे मागावे हे कळत नाही, तो माझ्या टेबलापाशी येतो. तो बोलतो आणि मी ऐकतो. तो अर्धा तास बोलला तरी त्याची मागणी एकाच वाक्याची असते, आणि ते वाक्य तो बहुधा जायला उठताना बोलतो. ते नेमके पकडणे ही आमची निम्मी विद्या. उरलेली निम्मी म्हणजे ते वाक्य अशा जागी ठेवणे, की वाचणाऱ्या साहेबाला पान उलटावे लागू नये. इथे अर्ज इंग्रजीत लिहायचा, अर्जदाराला बंगालीत किंवा हिंदीत वाचून दाखवायचा आणि मगच त्याची सही घ्यायची. माझ्या वडिलांनी याच कृष्णचूडेच्या, म्हणजे गुलमोहराच्या, झाडाखाली हे काम केले. मी शाळा सोडली तेव्हा त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत, जुन्या अर्जांच्या प्रतींचा एक गठ्ठा दिला आणि म्हणाले, "आता हे वाच." माझी भाषा तिथे घडली.

या टेबलावर माणसे किती तऱ्हेची येतात, हे घरी बसून कळायचे नाही. एक आजीबाई आल्या. त्यांचा मुलगा न्यू टाउनला कंपनीत नोकरीस होता, आणि त्याने महिन्यातून एका रविवारी घरी जेवायला यावे असा रीतसर अर्ज त्यांना त्याच्या नावे करून हवा होता, मुद्दाम कोर्टाच्या कामाला वापरतात त्या लांब कागदावर. मी केला. पुढच्या सोमवारी तो मुलगा कागद हातात घेऊन माझ्यापुढे उभा. मी भांडणाच्या तयारीने उठलो, तर तो म्हणाला, "काका, ह्याला उत्तर कसं लिहायचं असतं?" दुसरे एक निवृत्त ट्रॅम कंडक्टर. शेजाऱ्याच्या पहाटेच्या शंखनादाविरुद्ध त्यांनी माझ्या वडिलांच्या हातून तक्रार लिहून घेतली होती. तो शेजारी वारला तेव्हा ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, की ती तक्रार आता मागे घ्यायची आहे, झोप लागत नाही. अशा तक्रारी मागे घेण्याची कायद्यात सोय नसते. तरी मी ती मागे घेऊन दिली.

परंतु आज मला सांगायचे आहे ते निर्मल बरुआ यांच्याविषयी आणि त्यांच्या सॅलडविषयी. माझ्या आयुष्यातला सर्वांत निर्दोष मसुदा त्या सॅलडचा होता. त्यामुळेच तो मला आजही सलतो.

बरुआबाबू हे चितगावकडच्या ‘मग’ नावाच्या जमातीपैकी. हे लोक धर्माने बौद्ध, आणि साहेबी स्वयंपाकात त्यांचा हात धरणारा या शहरात कोणी नाही अशी त्यांची जुनी ख्याती आहे. गार्डन रीचला नदीकाठी अधिकाऱ्यांचा एक क्लब आहे. त्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. तिथल्या मुदपाकखान्यात त्यांचे वडील होते, वडिलांनंतर ते, आणि मागच्या अंगाला एक खोली त्यांना राहायला होती. पत्नी वारल्यापासून ते त्या खोलीत एकटेच असत. अंगाने बारीक, केस पांढरेशुभ्र, आणि हात इतके स्वच्छ, की माझ्या शाईच्या टेबलावर ते ठेवताना त्यांना संकोच वाटे.

काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ते क्लबचे एक पत्र घेऊन आले. आमचे सगळे बोलणे बंगालीत झाले. इथे मी ते मराठीत देतो. मुहुरी म्हणजे कोर्टाकचेरीचा लेखनिक, आणि ते मला शेवटपर्यंत त्याच नावाने हाक मारत आले.

"मुहुरीबाबू, हे वाचा. आमच्या सेक्रेटरीसाहेबांनी दिलंय."

पत्रात म्हटले होते, की मुदपाकखान्याची नवी व्यवस्था करण्याचा कमिटीचा विचार आहे. सबब मुख्य आचाऱ्याने क्लबच्या खास पदार्थाची कृती मोजमापांसह लेखी सादर करावी, आणि त्यानंतर त्यास कामावर कायम ठेवण्याविषयी निर्णय घेण्यात येईल.

"खास पदार्थ कोणता?" मी विचारले.

"शनिवारचं सॅलड. दुसरं काय आहे आमच्याकडे? कटलेट तर आता सगळीकडे मिळतं."

"मग सांगा. लिहून घेतो."

त्यांनी सांगितले. मांस, भाज्या, मॅकरोनी, सगळे चिरायचे, कालवायचे, थंड द्यायचे. संपले.

"एवढंच?"

"एवढंच. बाकी अंदाज."

"अंदाज अर्जात लिहिता येत नाही, बरुआबाबू."

त्यांनी पत्राची घडी घालत विचारले, "नीट लिहून दिलं की मी राहीन ना?"

"नीट लिहून दिल्यावर तुम्हाला कोण काढणार?" मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो, हे मी आजही नाकारत नाही.

माझी काम करण्याची एक रीत आहे. जी गोष्ट लिहायची ती शक्यतो डोळ्यांनी पाहायची. हद्दीच्या भांडणाचा अर्ज असेल तर मी भिंत पाहून येतो. त्याप्रमाणे लागोपाठ दोन शनिवार मी टेबल बंद ठेवून, बसने गार्डन रीचला जाऊन त्या मुदपाकखान्यात बसलो. सोबत वही, घरातला चहाचा चमचा, माझी लाकडी फूटपट्टी, आणि एका मिठाईवाल्याकडून मागून आणलेला वजनकाटा.

तो मुदपाकखाना माझ्या डोळ्यांसमोर अजून तसाच आहे. उंच छत, खालून झिजलेला दगडी ओटा, आणि खिडकीतून दिसणारी नदी, तिच्यावरून इतक्या सावकाश जाणाऱ्या बोटी, की एक कांदा चिरून होईपर्यंत बोट खिडकीतून बाहेर पडत नसे. बरुआबाबू आदल्या दिवशीच कोंबडी आणि मटणाचा एक तुकडा भाजून थंड करायला ठेवत. गरम मांस चिरले तर त्याचे धागे होतात, थंड चिरले तर तुकडे होतात, हे मला तिथे कळले. मॅकरोनी उकळून, निथळून, स्वच्छ धोतराच्या पानावर पंख्याखाली पसरायची आणि तिला तेलाचे बोट लावायचे. पाण्याखाली धरायची नाही. धुतलेल्या मॅकरोनीला मसाला चिकटत नाही. गाजर आधी उकडायचे आणि मग चिरायचे. फरसबी आधी चिरायची आणि मग उकडायची, तीही झाकण न ठेवता, नाहीतर तिचा हिरवा रंग जातो. मटार वेगळे, बटाटा वेगळा. काकडीच्या बिया काढून, मीठ लावून ती फडक्यात बांधून टांगायची. बीट चिरून सिरक्यात वेगळे ठेवायचे आणि वाढताना वरून घालायचे, कारण ते आधी घातले तर सगळे सॅलड लाल होते. अंड्याच्या बलकात तेलाची धार धरून घोटलेल्या मसाल्यात त्यांनी बंगाली कासुंदी, म्हणजे मुरवलेली मोहरी, घातली. वर गंधराज लिंबू पिळले, आणि त्या लिंबाच्या वासाने तो अख्खा जुना ओटा पुन्हा नवा झाल्यासारखा वाटला.

मोजमापे मी इथे देत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

ते मिठाची चिमूट उचलत, की मी "थांबा" म्हणे आणि ती चिमूट माझ्या चमच्यात ओतून घेई. तीन वेळा घेतली, तिन्ही वेळा सारखीच भरली. मी वहीत लिहिले. त्यांनी तेलाची धार धरली तेव्हा मी घड्याळ पाहिले. शेवटी मी चिरलेल्या गाजरावर पट्टी लावली.

"मुहुरीबाबू," ते हसू लागले, "गाजराचा पंचनामा?"

"तुकडा केवढा, हे लिहायला नको?"

"मटाराएवढा. मटार बघा, पट्टी कशाला?"

"मटार लहानमोठे असतात."

"मग गाजरही लहानमोठं असू द्या की."

मी ऐकले नाही. सर्व तुकडे मी मापले, आणि आश्चर्य असे, की मांस काय, बटाटा काय, सगळे एका मापाचे निघाले. इतके बारीक का, असे मी सहज विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले, की त्यांच्या वडिलांच्या वेळी क्लबात एक वृद्ध कप्तान येत. त्यांचा हात कापे, सुरीकाटा धरवत नसे, आणि एकट्यानेच चमचा मागणे त्यांना अपमानाचे वाटे. म्हणून वडिलांनी सॅलडच असे चिरले, की टेबलावरच्या सगळ्यांनाच ते चमच्याने खावे लागले. तेव्हापासून तोच आकार चालत आला.

"ते कप्तान आहेत का अजून?"

"छे हो. कधीच गेले."

"मग ते अर्जात लागू नाही," मी म्हणालो, आणि वही मिटली.

मसुदा तयार व्हायला तीन दिवस लागले. एक पान, सतरा कलमे, शेवटी अर्जदाराची विनंती. परंतु कागद पुरा झाला की नाही हे कागदावरून कळत नसते. ज्याला त्या विषयातले काही ठाऊक नाही, त्याच्या हातात तो देऊन पाहावा लागतो. म्हणून मी त्याचे मराठी करून आमच्या सुमनला दिले. सुमन ही माझी पत्नी; सांगलीची, लग्नानंतर इथे आली. मॅकरोनी तिने आयुष्यात शिजवली नव्हती.

तिने कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिले. "अहो, ही तर कोशिंबीर आहे. कोशिंबिरीत कोंबडी घातलीय फक्त."

"तू कागदात लिहिलंय तसं कर. स्वतःचं काही घालू नकोस."

"फोडणी?"

"सुमन."

"बरं. आणि हे सगळं थंड खायचं? मटण थंड? माझ्या आईला कळलं तर मला माहेरी बोलावून घेईल."

बोलत बोलत तिने ते तंतोतंत केले. रविवारी दुपारी मी बरुआबाबूंना घरी जेवायला बोलावले. त्यांनी एक चमचा घेतला, हळूहळू चावला आणि चमचा ताटलीच्या कडेला ठेवला.

"कसं झालंय?" मी विचारले.

"बरोबर झालंय."

"काही कमी?"

"काही नाही. माझ्या हातचंच आहे हे." ते सुमनकडे वळले आणि तिला बंगाली रीतीने बौदी, म्हणजे वहिनी, म्हणून हिंदीत विचारू लागले, "बौदी, तुम्ही पहिल्यांदा केलंत?"

"पहिल्यांदाच," सुमन म्हणाली. "ह्यांनी लिहिलंय तसं केलं, बस."

ते गेल्यावर ती भांडी आवरताना म्हणाली, "त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं नाही."

"पोट भरलं असेल."

"एका चमच्यात? अहो, मी जर कागद वाचून हे करू शकते, तर उद्या कोणीही करेल. मग त्यांचं तिथे काय काम राहिलं?"

मी तिला समजावले, की क्लबचे लोक सुशिक्षित आहेत, आणि इतके मौल्यवान ज्ञान निःशंक मनाने सादर करणाऱ्या सेवकाची ते कदर करतील. माझ्या डोक्यात त्या वेळी मसुद्याखेरीज दुसरे काही नव्हते. मसुदा यशस्वी झाला होता. सांगलीची बाई तो वाचून साहेबी सॅलड करू शकली होती. त्या आनंदात मी रात्रीच अठरावे कलम घातले. त्याचा आशय असा: सदर कृती इतकी स्पष्ट व संपूर्ण आहे, की पूर्वानुभव नसलेली व्यक्तीदेखील केवळ वाचनाने हा पदार्थ यथायोग्य सिद्ध करू शकते, आणि याची प्रत्यक्ष प्रचिती घेण्यात आलेली आहे.

हे वाक्य अर्जाला आवश्यक नव्हते. दुसऱ्या दिवशी मी ते बरुआबाबूंना वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली. त्यांना सही तेवढी येते. बंगालीत, एक एक अक्षर वेगळे काढून ते नाव लिहितात. त्यांनी ते लिहिले.

महिनाभराने क्लबचे उत्तर आले. ते बरुआबाबूंनीच माझ्याकडे आणले, कारण त्यांना ते दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायचे नव्हते. कमिटीने त्यांच्या दीर्घ सेवेबद्दल आभार मानले होते. मुदपाकखाना कंत्राटदाराकडे देण्याचे ठरले होते. आणि पुढे माझेच वाक्य होते. "आपण स्वतःच्या निवेदनाच्या अठराव्या कलमात नमूद केल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून कमिटीने म्हटले होते, की सदर पदार्थ आता कोणासही करता येण्याजोगा असल्याने विशिष्ट आचाऱ्याची आवश्यकता उरलेली नाही. मागची खोली महिनाअखेर रिकामी करावी.

मी ते त्यांना बंगालीत वाचून दाखवले. वाक्य गाळण्याचा मोह झाला, पण ते सेक्रेटरीच्या तोंडून कळलेच असते.

त्यांनी पत्र माझ्या हातून परत घेतले. मग पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "मुहुरीबाबू, अजून एक अर्ज लिहा. लिहा की त्या कागदात काहीतरी राहून गेलंय."

"काय राहून गेलंय?"

"काही नाही राहिलं. पण तुम्ही लिहा. त्यांना काय कळणार? लिहा, की एक गोष्ट मी सांगितली नाही, ती फक्त मला माहीत आहे. मग ते मला ठेवतील."

वाचकहो, मी इथे स्वतःची बाजू मांडणार नाही. घडले ते सांगतो. मला त्यांचे म्हणणे अयोग्य वाटले नाही. मला राग आला. तो कागद अपुरा आहे असे माझ्याच हाताने मी लिहायचे? ज्या कागदासाठी मी दोन शनिवार टेबल बंद ठेवले, चिमटी मोजल्या, तो?

"खोटं लिहीत नाही मी," मी म्हणालो.

"एक ओळ तर आहे."

"एक ओळ असली तरी. मी दीर्घ सेवेचा मुद्दा घेऊन लिहितो. फार चांगलं लिहितो, बघा तुम्ही."

आणि मी फार चांगले लिहिले. वडिलांपासूनची सेवा, निष्ठा, वय, एकटेपण, सगळे त्यात होते. माझ्या शेजारचा अर्जनवीस वाचताना दोनदा थांबला. क्लबकडून त्या अर्जाला दोन ओळींचे उत्तर आले. बरुआबाबू खोली रिकामी करून बराकपूरला मुलीच्या घरी राहायला गेले. जाताना ते मला भेटायला आले नाहीत, आणि मीही त्यांना भेटायला सियालदा स्टेशनावरून बराकपूरची गाडी पकडली नाही. कामे होती, असे मी सुमनला सांगे.

पुढच्या वर्षी एका वकीलसाहेबांनी पाहुणा म्हणून मला त्याच क्लबात जेवायला नेले. शनिवार होता. सॅलड आले. कंत्राटदाराच्या आचाऱ्याने ते माझ्या कागदावरून केलेले होते, आणि ते अगदी तेच होते: तोच आकार, तेच मीठ, वर तेच बीट. मला अभिमान वाटला, हे मी लपवत नाही. पहिला घास गिळेपर्यंत वाटला. नंतर वकीलसाहेबांनी विचारले, "आवडलं नाही का?" मी म्हणालो, पोट भरले आहे.

त्यानंतर कित्येकदा माझ्या मनात येई, की त्या दुपारी ती एक ओळ मी लिहिली असती तर काय बिघडले असते. माझ्या नावाला डाग लागला असता, एवढेच. त्या डागाचे वजन मी त्या वजनकाट्यावर केव्हाच करून पाहिले नाही.

आता शेवटचे प्रकरण. मागच्या हिवाळ्यात बरुआबाबू पुन्हा आले. बराकपूरला मुलीच्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे. तिथे आचारी हवा होता. त्यांना तिथे घेतले गेले, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीला राहायला नको. आज ते तिथेच आहेत. मला सांगायचे आहे ते अर्ज लिहिला त्या दुपारचे.

ते अधिक वाळले होते. आले, बाकावर बसले, आणि हात माझ्या टेबलावर न ठेवता मांडीवर ठेवले.

"बरे आहात?" मी विचारले.

"बरा आहे. नातवंडं आहेत. त्यांना मॅगी लागते," ते म्हणाले. "दिवसभर हाताला काम नसतं. मुलगी म्हणते, बाबा, बसा की. किती बसू?"

मी त्यांच्याकडचा कागद घेतला. आश्रमाच्या व्यवस्थापिकेने सर्व उमेदवारांना कळवले होते, की नाव, वय, अनुभव आणि किमान एका पदार्थाची लेखी कृती सोबत जोडावी.

"तो जुना कागद असेल ना तुमच्याकडे?" बरुआबाबूंनी विचारले. "तोच जोडा. चांगला आहे तो."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी पुष्कळ शोधला. टोमणा असता तर मला सोपे गेले असते.

तो कागद माझ्याकडे होता. माझ्या लॅपटॉपात, स्वतंत्र नावाने, अठराही कलमांसह. मी तो उघडला. सगळे जिथल्या तिथे होते, मीठ, तेलाची धार, तुकड्याचे माप. त्यात एक शब्द बदलावा असे मला आजही सुचत नाही. मी तो बंद केला आणि नवीन पान घेतले.

"काय लिहिताय?" त्यांनी विचारले.

"थांबा जरा."

नाव, वय, अनुभव लिहून झाले. मग जिथे कृती यायची, तिथे मी लिहिले, की अर्जदाराचा पदार्थ त्याच्या हातावर अवलंबून आहे. त्याची कृती लेखी स्वरूपात आणण्याचा प्रयत्न अर्जलेखकाने पूर्वी केला होता, परंतु तो त्यात अयशस्वी झाला. सबब पदार्थ हवा असल्यास अर्जदारास बोलावणे हाच एक मार्ग आहे. खाली, जिथे मी कधीच लिहीत नाही, तिथे मसुदालेखक म्हणून माझे पूर्ण नाव लिहिले.

कागद छापून मी त्यांना बंगालीत वाचून दाखवला. "अयशस्वी" या शब्दाशी त्यांनी मान वर केली.

"हे खरं नाही, मुहुरीबाबू. तुमच्या कागदावरून बौदींनी केलं होतं. मी खाल्लं होतं."

"हो."

"मग हे तुमच्या नावाने लिहिलंत? लोक वाचतील. म्हणतील, ह्यांना एक सॅलड लिहिता आलं नाही."

"म्हणू द्या."

ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. त्यांना तो वाचता येत नव्हता, तरी पाहत राहिले. मग त्यांनी धोतराला हात पुसले, माझे पेन घेतले, आणि सावकाश, एक एक अक्षर वेगळे काढत, माझ्या नावाच्या वर आपले नाव लिहू लागले.